माघारीचं कारण

डॉक्टर गंमतच करत होते. त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नव्हतं, आणि त्या वेळी तिनं लावूनही घेतलं नाही. भरतीच्या वैद्यकीय तपासणीतली ती शेवटची खोली. वजन, उंची, डोळे, दात, पायांचे तळवे, सगळं कुणी ना कुणी बघून कागदावर खुणा करून झाल्या होत्या. या खोलीत एक यंत्र होतं आणि त्याला एक जाड नळी. भरपूर श्वास घे आणि सगळा यात सोड, मध्ये थांबू नकोस, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिनं सोडला. काटा गेला तो गेलाच. डॉक्टरांनी यंत्राला टिचकी मारून पाहिली, पुन्हा फुंकायला लावलं, पुन्हा तेच. "पोहतेस का गं?" "नाही." "गातेस?" "नाही. काच फुंकते." मग तिला सांगावं लागलं, की प्रयोगशाळांना लागणारी काचेची भांडी बनवायच्या कारखान्यात ती सहा वर्षं कामाला आहे, बर्नरवर नळी तापवायची, फिरवायची आणि तोंडानं फुंकून तिला आकार द्यायचा. डॉक्टर खूश झाले. कंपाउंडरला म्हणाले, "लिहा, उत्तम. आणि आजपासून ही फुप्फुसं सरकारजमा." कंपाउंडर हसला, तीही हसली, कागदावर शिक्का पडला. बाहेर जिन्यात आल्यावर मात्र तिनं एकदा छातीवर हात ठेवून पाहिला, गर्दीत पाकीट जागेवर आहे ना बघावं तसा.

दातात काहीतरी अडकावं आणि जीभ सारखी तिथंच जावी, तसं त्या शब्दाचं झालं. बसमध्ये, भाजी निवडताना, केस विंचरताना. सरकारजमा. खरं म्हणजे त्यात चूक काय होती? सही तिनंच केली होती. कुणी हात धरून करवून घेतली नव्हती. सही केली त्या दिवशी ती भरतीच्या मैदानावर गेली होती ती मैत्रिणीची पिशवी धरायला. शेजारच्या इमारतीतली ही मैत्रीण तीन वर्षं सैन्यात जायचंच म्हणून पहाटे धावत होती. एकटीला जायला कसंतरी वाटतं म्हणून तिनं हिला सोबत नेलं. टेबलावरच्या कारकुनानं वर न बघता विचारलं, "तुम्ही पण आहात का?" आणि हिच्या तोंडून "हो" निघून गेलं. का निघालं, याचा नंतर तिनं पुष्कळ विचार केला. कुणी "जेवलीस का" विचारल्यावर पोटात काही असो नसो आपण "हो" म्हणतो, तितकंच ते सहज होतं. मग धावायला लावलं, ती धावली. मैत्रिणीच्या पोटरीत तिसऱ्या फेरीला गोळा आला आणि ती कडेला बसून रडायला लागली. ही धावतच राहिली. दोनशेच्या वर मुली होत्या, त्यांतून अकरा निवडल्या, त्यांत ही. मग एका लांबलचक टेबलापलीकडे तीन माणसं बसली होती, त्यांतल्या मधल्यानं कागद बाजूला सारून तिच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "याल का तुम्ही?"

तुम्ही! चोवीस वर्षांत तिला असं कुणी विचारलं नव्हतं. शाळेत फळ्याजवळ उभं केलं जायचं, कारखान्यात काम शिकवणाऱ्या मास्तरांनी पहिल्या दिवशी "ए, ती रबरी नळी आण" एवढंच म्हटलं होतं. ही तीन माणसं टेबलापलीकडे बसून तिच्या उत्तराची वाट बघत होती. ते दोनशेतून अकरांत येणं, ते मैदान, ती अजून धपापणारी छाती, आणि ते "तुम्ही". तिला इतकं छान वाटलं की त्या वाटण्यालाच ती आपली इच्छा समजून बसली. संमतिपत्रावर तिनं सही केली तेव्हा अक्षरसुद्धा एरवीपेक्षा चांगलं आलं होतं.

घरी फक्त बाबा. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. बाबा एका सात मजली कचेरीत लिफ्ट चालवायचे. जुनी, जाळीच्या दाराची लिफ्ट, पितळी दांडी फिरवून थांबवायची. नवीन बसवणार बसवणार म्हणता म्हणता बाबांची बावीस वर्षं त्यात गेली. त्यांनी बातमी ऐकली, आपल्या खाकी सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावली आणि उगाचच खिडकीशी जाऊन उभे राहिले. म्हणाले, "राजा, आपल्या घरातून!" एवढंच. दुसऱ्या दिवसापासून मात्र लिफ्टमध्ये जो शिरेल त्याला ते सांगायला लागले. त्यांना घाई करावी लागे, कारण लोक मधेच उतरत. पहिल्या मजल्याला उतरणाऱ्याला नुसतं मुलगी निवडली गेल्याचं कळे, चौथ्याला दोनशेतून अकरा, आणि सातव्यापर्यंत जाणाऱ्याच्या वाट्याला ती जवळजवळ सेनापतीच येई. हे तिला पाचव्या मजल्यावरच्या हिशेबनीस बाईंनी रस्त्यात थांबवून सांगितलं आणि मनापासून तिचा हात दाबला. तिला हसू आलं, अंगावर मूठभर मांसही चढलं. घरी येऊन तिनं आरशात पाठ ताठ करून पाहिली. चांगली दिसत होती.

रुजू व्हायला बावीस दिवस उरले होते. कारखान्यात तिनं सांगून ठेवलं होतं, मास्तरांनी "बरं" म्हणून मान हलवली होती. मास्तर बोलायचे कमीच. साठी उलटलेला माणूस, भुवया गेल्या चाळीस वर्षांत कधी पुऱ्या वाढल्याच नाहीत, ज्योतीनं सारख्या जळायच्या. काच त्यांनी तिला शब्दांनी शिकवली नाही. तिच्या मागं उभं राहून तिच्या दोन्ही हातांवर आपले हात ठेवून नळी फिरवली, महिनाभर, दोन्ही टोकं एकाच गतीनं फिरायला लागेपर्यंत. एक हात पुढं गेला की तापलेली काच पिळवटते. आणि फुंकताना, ते म्हणत, फुंकू नकोस, नुसता दाब दे. काच तुला सांगेल किती. तिला सुरुवातीला ते थोतांड वाटलं होतं. मग दुसऱ्या वर्षी एका दुपारी जांभळट काचांच्या चष्म्यातून ती ज्योतीत बघत होती, त्या चष्म्यानं ज्योतीतला पिवळा झगमगाट नाहीसा होतो आणि नुसती काच दिसते, मधाइतकी मऊ झालेली, आणि तिला एकदम कळलं की किती. कुणी सांगितलं नाही, मोजलं नाही. कळलं. त्या दिवशी तिनं केलेला फुगा मास्तरांनी उजेडाशी धरून सगळीकडून फिरवून पाहिला आणि काहीच न बोलता मालाच्या पेटीत ठेवला. आजवरच्या कुठल्याच निकालाचा तिला तेवढा आनंद झाला नव्हता.

तर त्या बावीस दिवसांतल्या सातव्या दिवशी ती एक वेटोळं जोडत होती. बाहेरच्या रुंद नळीच्या आत काचेची बारीक गुंडाळी असते, वाफ तिच्यातून जाते आणि पाणी होऊन उतरते. ही आतली गुंडाळी बाहेरच्या नळीला दोन्ही टोकांशी सांधायची, हे नाजूक काम. असले सांधे कारखान्यात फक्त मास्तर करत आणि ती. तिनं सांधा तापवला, रबरी नळी दातांत धरली, दाब दिला, आणि सांधा बसला तो बारीक, आक्रसलेला, कडेला सुरकुती पडलेला. तिनं पुन्हा तापवला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा काच तडकली. मास्तर मागं येऊन उभे असल्याचं तिला कळलंच नव्हतं. ते म्हणाले, "श्वास कुणासाठी राखून ठेवतेयस?"

ते रागावून बोलले नव्हते. खरंच विचारत होते. आणि तिच्या लक्षात आलं की हे खरं आहे, गेला आठवडाभर ती जपून फुंकतेय, शेजारून मागून आणलेलं भांडं वापरावं तशी. डाग पडायला नको, परत द्यायचंय. तिनं बर्नर बंद केला. चष्मा काढला. समोरच्या भिंतीवर पाण्याच्या गळतीचा एक जुना ओघळ होता, तो सहा वर्षांत पहिल्यांदाच बघितल्यासारखा ती बघत बसली. मला जायचं नाहीये. हे वाक्य तिच्या मनात कुठूनतरी वर आलं असं झालं नाही, ते तिथं आधीपासून बसलेलंच होतं, तिनं फक्त त्याच्याकडे तोंड वळवलं.

त्या संध्याकाळी ती बसनं घरी गेली नाही, चालत गेली. कारण घरी बाबा होते, आणि पोचायच्या आधी तिला स्वतःची उलटतपासणी करायची होती. पहिला प्रश्न सरळ होता: घाबरलीस? रस्त्याच्या कडेनं चालता चालता तिनं तो स्वतःला पाच-सहा वेळा विचारला, दरडावूनही विचारला. भीती होती. बंदुकीची होती, दूर जायची होती, अनोळखी खोलीत वीस जणींच्या घोरण्यात झोपायची तर सगळ्यात जास्त होती. पण भीती तिला ठाऊक होती. हवा काढून घेतलेलं एक भांडं तीन वर्षांपूर्वी तिच्या हातात फुटलं होतं, हनुवटीत काच घुसली होती, पाच टाके पडले होते. तेव्हाही ती घाबरली होती, इतकी की रात्रभर दात वाजत होते, आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला बर्नरपुढं बसली होती. म्हणजे जिथं जायचंच असतं तिथं मी भीतीला काखोटीला मारून जाते. इथं भीती निघून गेली तरी मी जाणार नाही. एका चपलांच्या दुकानासमोर ती हे स्वतःशी मोठ्यानं म्हणाली असावी, कारण दुकानदारानं मान वर करून पाहिलं. दुसरा प्रश्न जास्त अवघड होता: मग हो का म्हणालीस? याचं उत्तर तिला लाज आणणारं होतं आणि तिनं ते तसंच्या तसं घेतलं. मला निवडलं म्हणून मी हरखले. बस्स. जी मुलगी रडत कडेला बसली होती तिला ते खरोखर हवं होतं, तिची जागा मी हरखून अडवून ठेवली.

तिसरा प्रश्न बाबांचा होता. त्याचं उत्तर न सापडताच घर आलं. बाबांनी एक लोखंडी पेटी आणून ठेवली होती, नवीकोरी, काळ्या रंगाचा वास येणारी. "बिजागरी बघ," ते म्हणाले, "हत्ती बसला तरी हलायची नाही." तिनं बिजागरी बघितली. जेवताना तिला घास उतरेना आणि बाबांना वाटलं, पोरगी हळवी झालीय. त्यांनी आपल्या ताटातलं थोडं तिच्या ताटात वाढलं.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती भरतीच्या कचेरीत गेली. लेखी कळवलं तरी चालेल, असं फाटकावरचा शिपाई म्हणाला होता. काही जण नुसते येतच नाहीत, तेही चालतं. तिला ते नको होतं. टेबलापलीकडून विचारलं होतं, टेबलासमोर बसूनच सांगायचं. या वेळी समोर एक अधिकारी बाई होत्या, पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, टेबलावर एकही कागद वाकडा नाही. त्यांनी तिची फाइल काढली, वाचली आणि मान वर केली.

"तुझी फाइल चांगली आहे. फार चांगली आहे. काय अडचण आहे?"

"अडचण काही नाही मॅडम. मी येणार नाही."

"घरून विरोध?"

"नाही. वडिलांना फार हवंय."

"लग्न ठरलंय?"

"नाही."

बाई थोडा वेळ पेन बोटांत फिरवत राहिल्या. मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "हे बघ, शपथ अजून व्हायचीय, त्यामुळं तुला जाता येतं. पण कारणाचा रकाना आहे. मी असं करते, पाठीचं दुखणं लिहिते. डॉक्टरांना मी सांगेन. कुणाला काही वाटणार नाही, घरी सांगायलाही बरं. नाहीतर लोक काय म्हणतात माहितेय ना? मुलगी घाबरली."

त्या हे चांगल्या मनानं म्हणत होत्या. तिला ते कळत होतं, आणि एक क्षण ते दुखणं तिच्या पाठीत खरोखर सुरूही झालं, इतकं ते सोयीचं होतं. बाबांना काय वाईट वाटेल त्याचं? आजार कुणालाही होतो. पेटी परत करता येईल. हिशेबनीस बाई हळहळतील. जन्मभर ती, पाठीमुळं राहून गेलेली मुलगी. दर वेळी वाकताना कुणाचं लक्ष तर नाही ना, ते बघावं लागेल.

"माझी पाठ चांगली आहे मॅडम," ती म्हणाली. "तुमच्याच डॉक्टरांनी लिहिलंय."

बाईंनी फॉर्म तिच्यापुढं सरकवला. माघारीचं कारण, असा छापील मथळा आणि खाली चार रिकाम्या ओळी. तिनं लिहिलं: मी विचार न करता हो म्हटलं होतं. आता विचार केला. मला माझं काम सोडायचं नाही. तब्येत ठीक आहे. चौथी ओळ उरली तेव्हा थोडं थांबून तिनं भर घातली: माझ्या जागी दुसऱ्या कुणाला तरी लवकर बोलवावं. खाली सही केली. बाईंनी ते वाचलं, शिक्का मारला आणि मग उठून उभ्या राहिल्या. त्यांनी उठायची काही गरज नव्हती. "मी एकोणीस वर्षांची असताना आले," त्या म्हणाल्या, "आणि मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक नसतं त्या आम्हाला नकोच असतात." हे कौतुक होतं की काय होतं, तिला कळलं नाही. पण बाईंच्या डोळ्याला डोळा भिडवून ती "येते" म्हणाली, आणि फाटकाबाहेर पडताना तिची चाल कशी होती ते शिपायानं बघितलं असतं तर त्याला वाटलं असतं, हिची निवड झाली.

मग तिनं कारखान्यात जाऊन मास्तरांना सांगितलं. ती आपला म्हणून ज्या बर्नरकडे बघत होती त्याच्यावर आधीच एक माणूस ठरवून झाला होता. दुसऱ्या कारखान्यातून येणार होता, सोमवारपासून. शब्द दिला होता. "मला वाटलं गेलीसच तू," मास्तर म्हणाले. त्यांनी कपाळ चोळलं. "दाराजवळची आहे एक जागा. परीक्षानळ्यांची." तिथं वारा येतो, ज्योत हलते, हे दोघांनाही माहीत होतं. तिथं नवशिके बसायचे. सहा वर्षांपूर्वी ती तिथंच बसली होती. तिचा चेहरा उतरला, तो तिनं लपवलाही नाही. मग तिनं आपला चष्मा, चिमटे आणि कातडी तुकडा उचलला आणि दाराजवळच्या मेजावर नेऊन मांडला. वाऱ्याच्या बाजूला एक पत्रा उभा केला. मास्तर बघत होते. म्हणाले, "सांधे तूच करायचे. इथं आणून देईन."

बाबांना तिनं त्याच संध्याकाळी सांगितलं. घुमवून-फिरवून सांगितलं नाही. बाबा पेटीला तेलाचं फडकं मारत होते, त्यांचा हात थांबला. "का?" त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं. "कुणी काही बोललं का तुला तिथं?" नाही. "पाय-बिय...?" नाही बाबा. मी धडधाकट आहे. मला जायचं नाही. बाबांनी फडक्याची घडी घातली, ती पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. त्या रात्री ते बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. ती चहा ठेवायची, ते प्यायचे. घरात दोनच माणसं आणि त्यांतलं एक गप्प, म्हणजे घड्याळाची टिकटिकसुद्धा अंगावर येते. चौथ्या दिवशी सकाळी सदऱ्याची बटणं लावताना, भिंतीकडे बघत, ते म्हणाले, "रोज विचारतात. कधी निघणार. मी म्हणतो, आहेत अजून दिवस." "सात मजले आहेत, राजा. मी कुणाकुणाला सांगू?"

तिनं चपला घातल्या. "तुम्ही नका सांगू. मी सांगते."

साडेनऊला ती लिफ्टमध्ये बाबांच्या स्टुलाशेजारी उभी राहिली. जाळीचं दार सरकलं आणि पहिल्या खेपेला सहा माणसं आत आली. कुणीतरी म्हणालं, "हीच का ती?" बाबांनी मान खाली घातली. ती म्हणाली, "हो, मीच. पण मी जाणार नाहीये. मी नाही म्हणून सांगितलं." लिफ्टमध्ये एकदम इतकं शांत झालं की वरच्या दोराचं करकरणं ऐकू आलं. सहाही जण आपापल्या बुटांकडे बघायला लागले. एक जण भलेपणानं म्हणाला, "तब्येतीचं काही?" "नाही. तब्येत ठीक आहे." तिसऱ्याला दोघं उतरले, उतरताना एकाचं हसू तिला स्पष्ट दिसलं, ते तिनं अंगावर घेतलं. दुसऱ्या खेपेला पुन्हा. तिसऱ्या खेपेला हिशेबनीस बाई होत्या, त्यांनी "अगं बाई!" म्हणून तोंडावर हात नेला आणि पाचवा मजला येईपर्यंत तो खाली आणला नाही. तिचे पाय दुखायला लागले होते, पण दर खेपेला वाक्य सोपं होत गेलं आणि पाठ आपोआप सरळ होत गेली. आठव्या-नवव्या खेपेनंतर, लिफ्ट रिकामी खाली येत असताना, बाबा पितळी दांडीवरचा हात न काढता पुटपुटले, "नीट सांगत नाहीस तू."

"म्हणजे?"

"आधी पास झालीस ते सांग. दोनशेतून अकरा. नुसतं नाही म्हटलं, नाही म्हटलं काय? लोकांना वाटेल घेतलंच नाही." ते चिडले होते. चार दिवसांनी ते तिच्यावर चिडले होते, आणि तिला इतकं बरं वाटलं की तिनं जाळीला घट्ट धरलं.

तळमजला आला. बाहेर एकच माणूस उभा होता, नवखा, हातात एक लांब पाकीट, कुठल्या तरी कामासाठी या इमारतीत पहिल्यांदाच आलेला. तो आत आला, म्हणाला, "चौथा." त्याला काही माहीत नव्हतं आणि त्यानं काही विचारलंही नव्हतं. बाबांनी दार ओढलं, दांडी फिरवली, लिफ्ट हलली. मग स्टुलावरून उठून, गळ्याचं बटण चाचपून, ते त्याच्याकडे वळले.

"ही माझी मुलगी," ते म्हणाले. "सैन्यात निवडली होती. दोनशेतून अकरा. मोठ्या अधिकाऱ्यांनी स्वतः विचारलं, याल का म्हणून. तर ही गेली, समोर बसली, आणि तोंडावर नाही म्हणून आली. आजाराचं निमित्त देत होते, तेसुद्धा घेतलं नाही." हे शेवटचं तिनं बाबांना सांगितलं होतं तेव्हा ते ऐकत आहेत असं तिला वाटलंच नव्हतं. "काचकाम करते. असे सांधे करणारी इथं दोनच माणसं आहेत, एक हिचे मास्तर आणि एक ही."

त्या माणसानं पाकीट या हातातून त्या हातात घेतलं. एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. ती त्याच्याकडे सरळ बघत होती.

"अच्छा," तो म्हणाला.

"चौथा," बाबा म्हणाले, आणि लिफ्ट मजल्याशी अगदी बरोबर, बोटाचाही फरक न ठेवता, उभी केली.